कासव भलतीकडे का वळलं? (लेखांक ५)

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे शाळकरी मुलाला पाठ असतं. म्हणून ते लोगो या प्रोग्रामिंग भाषेतल्या, रेघ ओढत चालणाऱ्या कासवाला आज्ञा देतं, १०० पावलं पुढे जा, ६० अंश उजवीकडे वळ, असं तीनदा कर. पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन. एररचा संदेश वगैरे काही नाही, कारण कासवाने सांगितलेलं तंतोतंत केलेलं असतं.

लोगो ही भाषा १९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत जन्मली. वॉली फ्युर्झिग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन हे तिचे प्रमुख कर्ते. कासव त्यानंतर आलं. अशा पेचात पेपर्ट मुलाला सांगत, तूच कासव हो आणि चालून बघ. जमिनीवर त्रिकोण चालताना कळतं, की कोपऱ्यावर आपण आतल्या नव्हे, बाहेरच्या कोनाएवढं वळतो. म्हणजे १२० अंश. डिबगिंगचं, म्हणजे चूक शोधण्याचं, हे साधन फुकट आहे आणि अजून जुनं झालेलं नाही.

२००७ मध्ये एमआयटी मीडिया लॅबने स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याची भाषा सर्वांसाठी खुली केली. एकमेकांत बसतील तेच ठोकळे जोडता येत असल्याने स्वल्पविराम, कंस यांच्या चुका होण्याची सोयच उरली नाही. तर्काच्या चुका मात्र जशाच्या तशा राहिल्या. मांजर कडेला टेकलं की म्याव करावं, यासाठी मूल ‘जर’चा ठोकळा ठेवतं, पण ‘सतत’च्या ठोकळ्यात तो घालायला विसरतं. हिरवा झेंडा दाबताच तपासणी एकदाच होते आणि संपते. मांजर गप्प!

इथे स्क्रॅचमधली एक छोटीशी सोय कामाला येते. चालू असलेल्या ठोकळ्यांभोवती पिवळी कड दिसते. ती क्षणात विझली, तर तपासणी आटोपली असं समजावं. चल पडद्यावर दाखवला, तर त्याची बदलती किंमतही दिसत राहते. एवढं असूनही स्क्रॅच १.४ मधली एकेक ठोकळा थांबत-थांबत चालवण्याची सोय २०१३ च्या २.० आवृत्तीत काढून टाकली गेली. नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज होती ती हीच. बर्कलेच्या स्नॅप या ठोकळ्यांच्याच भाषेत ती आहे, वेग कमी-जास्त करायच्या पट्टीसकट.

याहून पुढचा विचार कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एमी को आणि ब्रॅड मायर्स यांनी २००४ मध्ये मांडला. प्रोग्राम फसला की माणूस दोनच प्रकारचे प्रश्न विचारतो, हे असं का झालं आणि ते तसं का झालं नाही. मग हे प्रश्न थेट यंत्रालाच का विचारू नयेत? त्यांनी ॲलिस या त्रिमितीय प्रणालीत ‘व्हायलाइन’ बसवलं. पॅकमॅनचा आकार बदलायला हवा होता आणि बदलला नाही, तर मेनूतून तोच प्रश्न निवडायचा. उत्तरादाखल कोणत्या आज्ञेमुळे काय घडलं वा अडलं, याची साखळी समोर येई. छोट्या चाचणीत चूक शोधण्याचा वेळ जवळपास आठपट कमी झाला. सहभागी मंडळी मुलं नव्हती, मोठी होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही मुलांच्या स्वभावाला यापेक्षा जवळचं साधन दुसरं नाही. ‘का’ विचारायला त्यांना शिकवावं लागत नाही.

स्क्रॅचमध्ये असा मेनू नाही. पुढच्या आठवड्यात, पायथनकडे वळलेल्या मुलांसाठी फिलिप गुओ यांचं पायथन ट्यूटर.