बाहेरच्या खोलीत सुरू झालेलं करिअर

ऐंशीच्या दशकात सातारा, कराड, मिरज, सांगलीकडं ब्युटी पार्लरच्या पाट्या दिसू लागल्या, त्या बहुतेक घराच्या बाहेरच्या खोलीवर. मोठा आरसा, मागं रेलणारी एक खुर्ची, दारावर पडदा आणि दोऱ्याचं रीळ एवढं भांडवल. स्नो-पावडर घराघरात आधीच पोचली होती. मुंबईच्या पाटणवालांची ‘अफगाण स्नो’ 1919ची, ‘लॅक्मे’ 1952ची. पण दुसऱ्या बाईच्या भुवया कोरून रोख पैसे घ्यायचे आणि त्यावर घर चालवायचं, हे नवीन होतं.

घरचा विरोध कामाच्या जातीवरून व्हायचा. केस कापणं हे आपल्यातलं काम नव्हे, चांगल्या घरच्या सुनेनं ते करू नये, असं तोंडावर ऐकवलं जाई. तेही सावित्रीबाई फुले जिथं जन्मल्या त्या सातारा जिल्ह्यात. 1890 मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. कात्री हातात घेणाऱ्या प्रत्येक मुलीला हा इतिहास पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मेकअपचा रस्ता आणखी अवघड होता. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत, आणि तिथून पुढं रंगभूषा पुरुषांच्याच हातात राहिली. पलूसजवळच्या नागठाण्याचे बालगंधर्व लुगडं नेसून उभे राहिले की बायका त्यांची नेसण आणि केशरचना घरी जाऊन करून बघत. मुंबईच्या सिनेसृष्टीत तर बाईला हेअरड्रेसरचं कार्ड मिळे. मेकअपचं कार्ड संघटना फक्त पुरुषांना देई. 10 नोव्हेंबर 2014 रोजी मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा भेद घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडच्या बायका तोवर कितीतरी वर्षं हेच काम करत होत्या. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. पहाटे अंधारात मंगल कार्यालय गाठायचं, नवरी सजवायची, मग करवल्या, मग नवरीच्या आत्या-मावश्या. पुढं ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’चं चित्रीकरण साताऱ्यात झालं, तेव्हा मेकअपच्या खोलीत बाईला अडवणारा नियम उरला नव्हता.

शिक्षणही हळूहळू आलं. दहावीनंतर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड, 2015 पासून कौशल्य विकास योजनेतले कोर्स, शिवाय खासगी क्लास.

मग 2019चा ऑगस्ट उजाडला. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि गावभाग, मारुती रोडकडच्या तळमजल्यांवर पाणी भरलं. त्यातून सावरतात तोच मार्च 2020 मध्ये सगळं बंद. 28 जूनला राज्यानं परवानगी दिली ती कटिंग, केस रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंगपुरती; त्वचेला हात लावायचा नाही, म्हणजे फेशियल नाही आणि क्लीनअपही नाही. एप्रिल 2021 मध्ये ऐन लग्नसराईत पुन्हा कुलूप, जुलैत पुन्हा पूर. ऑगस्टमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत निर्बंध सैलावले, पण सातारा आणि सांगली मागं राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. दुपारी चारला शटर खाली. नोकरदार बाई पार्लरला येते संध्याकाळी, हे त्या आदेशात कुणाच्या ध्यानात आलं नसावं. या दोन वर्षांत खुर्च्या विकाव्या लागल्या तरी ज्यांनी घरोघरी जाऊन काम टिकवलं, त्यांच्याकडं बघूनच हा धंदा करिअर आहे असं मी म्हणतो.

आता काळजी वाटते ती गोरेपणाच्या क्रीमची. 2023च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरच्या तिघींच्या किडन्यांना इजा झाल्याचं समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. डोळ्यांची प्रसाधनं सोडली, तर बाकी कुठल्याही प्रसाधनात नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, असं 2020चे नियम सांगतात. बिनलेबलची डबी गिऱ्हाइकाला देणारी ब्युटिशियन स्वतःही ती रोज उघड्या हातानं हाताळते.

म्हणून क्लास निवडताना मुलींनी फी आणि ब्रायडल मेकअपचे फोटो बघून थांबू नये. हेअर कलरच्या दोन दिवस आधी कानामागं पॅच टेस्ट करायला शिकवतात का, कातडीचा आजार ओळखून गिऱ्हाईक डॉक्टरांकडं कधी पाठवायचं हे सांगतात का, आणि डबीवरचं लेबल वाचून घेतात का, हे तिथं बसूनच विचारावं.