साप पाळायचा म्हणजे



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. सातवीच्या वर्गात मी हजेरी घेत होते. मागच्या बाकावरची मुले एका खाऊच्या डब्याभोवती डोकी घालून बसली होती. जवळ जाऊन पाहिले, तर डब्यात वीतभर लांबीचे सापाचे पिल्लू! अंग काळपट, त्यावर पांढरे पट्टे. शेजारी बाटलीच्या झाकणात थोडे दूध.

"टीचर, मी याला पाळणार आहे. हा कवड्या आहे, विषारी नाही," डबा आणणारा मुलगा अभिमानाने म्हणाला.

मी डब्याचे झाकण घट्ट लावले, मुलांना बाहेर नेले आणि एका सर्पमित्राला बोलावून घेतले. त्यांनी पाहताच सांगितले, "कवड्याच आहे. पण बाळा, तू हा ओळखून पकडलास, की पकडल्यावर नाव ठेवलेस?" मुलगा गप्प झाला.

हा प्रश्न साधा नाही. कवड्या आणि मण्यार हे दोन साप दिसायला बरेच सारखे असतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट असते. तिच्या अंगावर पांढरी, बारीक कडी असतात, बहुधा जोडीजोडीने, आणि ती शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. आपल्याकडे बांगड्या विकणाऱ्यालाही मण्यार म्हणतात. त्यावरून ही कडी लक्षात ठेवा. पिल्लांमध्ये मात्र हा फरक नेहमी नीट दिसत नाही. कवड्या बिनविषारी आहे. मण्यार बहुधा रात्री, माणूस जमिनीवर झोपलेला असताना चावते. पुष्कळदा दंश जाणवतही नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास कोंडू लागतो. अशा वेळी मांत्रिकाकडे नव्हे, तर प्रतिविषाचे इंजेक्शन मिळेल अशा दवाखान्यात तात्काळ जायचे असते.

"पण टीचर, टीव्हीवर अमेरिकेतील मुले साप गळ्यात घालतात. त्यांना कसे चालते?" मुलाने विचारले. त्याचा प्रश्न मला आवडला. मी त्या विषयाची पुस्तके मिळवून वाचली. त्यातले थोडे तुम्हाला सांगते.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये साप पाळण्याचा छंद पुष्कळांना आहे. पण जाणकार माणूस रानातून पकडलेला साप घेत नाही. माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू तो निवडतो. नव्या माणसाला बहुधा कॉर्न स्नेक, म्हणजे मका-साप, सुचवतात. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके आणि पोटावर मक्याच्या रंगीत दाण्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. लांबी तीन ते पाच फूट, स्वभाव शांत. दुसरा आफ्रिकेतला बॉल पायथन. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोल होतो, म्हणून हे नाव. तो जेवणाच्या बाबतीत मात्र फार लहरी. कधी कधी महिनोन् महिने काही खात नाही आणि मालकाच्याच जिवाला घोर लावतो.

निवडताना लोक रंग पाहतात. पाहायला हवे ते वय आणि वाढ. मका-साप पंधरा-वीस वर्षे जगतो. आज तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही तिशीला आलेले असाल! बॉल पायथन त्याहूनही जास्त जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली या जातीच्या एका मादीने अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते.

वाढीचा हिशेब चुकला की काय होते, ते फ्लोरिडात दिसते. ब्रह्मदेशी अजगराचे दोन फुटी पिल्लू लोकांनी हौसेने विकत घेतले. हा आपल्या अजगराचा जवळचा नातलग. काही वर्षांत तो दहा-बारा फुटांचा झाला, घरात मावेना. मग काहींनी त्याला एव्हरग्लेड्स नावाच्या दलदलीत सोडून दिले. काही पाळीव अजगर निसटूनही तिथे पोहोचले. तिथे त्यांची संख्या इतकी वाढली की ससे, रॅकून असे प्राणी कित्येक ठिकाणी जवळजवळ दिसेनासे झाले. २०१२ साली अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता.

आता निगा. सापाचे शरीर स्वतः उष्णता तयार करून ऊब राखत नाही, म्हणून त्याची पेटी एका टोकाला उबदार, सुमारे ३० अंश सेल्सिअस, आणि दुसऱ्या टोकाला थोडी थंड ठेवतात. अन्न पचवायचे असले की साप उबेकडे सरकतो, नको असले की दूर जातो. हीटरला तापमान राखणारे यंत्र जोडलेले नसेल, तर त्याची कातडी भाजते. लपायला एक खोपटे, पाण्याचे भांडे आणि कडी असलेले झाकण हवेच. साप झाकण ढकलून पाहतो, आणि बोटभर फटही त्याला पुरते.

खाणे म्हणजे दूध नव्हे. साप मांसाहारी आहे. दूध त्याला पचत नाही. पिल्लाला साधारण आठवड्यातून एकदा उंदराचे छोटे पिल्लू देतात, तेही मेलेले, बर्फात साठवून मग कोमट केलेले. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतो. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलत नाहीत, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो. कात टाकण्याआधी त्याचे डोळे निळसर, धुरकट होतात. तेव्हाही त्याला एकटे सोडतात. हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण सापाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात.

एवढे करून साप तुम्हाला लळा लावील का? मांजर लावते तसा नाही. तो फार तर तुमच्या हाताची भीती सोडतो. मला विचाराल तर माझी मांजरच बरी!

आपल्या देशात मात्र रानातले साप पकडून घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. धामण शेतातले उंदीर खाते, दिवड पाण्यातले बेडूक-मासे खातो. त्यांचे घर तेच. बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी ठेवायचे, तर २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सरकारकडे नोंद करावी लागते.

सर्पमित्रांनी आमच्या पाहुण्याला शाळेमागच्या विटांच्या ढिगाकडे नेले, कारण तो तिथेच सापडला होता. मुलाने विचारले, "तिथे तो काय खाईल?" ते म्हणाले, "पाली. तुमच्या शाळेत काय कमी आहेत?"

पिल्लू विटांच्या फटीत शिरले. मुलगा बराच वेळ तिथे उभा होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचा खाऊ रुमालात बांधून येऊ लागला. तो डबा त्याच्या अम्मीने पुन्हा घरात घेतलाच नाही.