बार्शी लाइटचा रूळ, घरच्या फळीवर

कुर्डूवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज ही नावे एका ओळीत घेतली, की सत्तरी ओलांडलेल्या बायकांना छोटी गाडी आठवते. ही बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिचा रूळ होता अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा. आषाढी-कार्तिकीला वारकरी याच गाडीने पंढरपूर गाठायचे. आता तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. मुलांना ती गाडी दाखवायची, तर फळीवरच उभी करावी लागेल. त्यासाठी रूळ हाताने कसा करायचा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पहिला प्रश्न येतो, बाजारात रूळ मिळतो तर करायचा कशाला? दुकानातला सर्वांत चालणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो खऱ्याच्या ८७ पट लहान. हिशेब केला, तर खरी रुंदी १४३५ मिलिमीटर येते. आपल्याकडे या रुंदीवर पुण्या-मुंबईची मेट्रो धावते, बार्शीची गाडी नव्हे. पण आपण ४८ पट लहान गाडी करायची ठरवली, तर ७६२ भागिले ४८ म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यामुळे बाजारातल्या लहान इंजिनाचा चाकांसह सांगाडा घ्यायचा आणि वर पुठ्ठ्याचे मोठे अंग चढवायचे. गाडीचे काम भागते.

रुळाचे मात्र भागत नाही. तयार रुळाचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीने बसवलेले असतात, रूळही उंच असतो. बार्शी लाइटचे वैशिष्ट्य तर हलक्या रुळात होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असे ठरवून सारी गाडी आखली. म्हणून हलका रूळ पुरला आणि खर्च वाचला. जाड रुळावर ही गाडी ठेवली, की तिची ओळखच जाते.

आता सामान. बारा मिलिमीटरची प्लायवुडची सहा फूट बाय चार फूट फळी, खालून लाकडी पट्ट्यांची चौकट. निकेल सिल्व्हरचा पावणेदोन मिलिमीटर उंचीचा रूळ. हा मात्र विकतच घ्यावा लागतो, छंदाचे सामान विकणारे मागवून देतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते. स्लीपरसाठी बांबूच्या कामट्या आणि रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी तांब्याचा पत्रा असलेली कोरी पीसीबी.

स्लीपर ३२ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद कापायचे. बांबूची जाडी पीसीबीइतकीच ठेवायची. बांबू रंगवायला दुकानातला रंग लागत नाही. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवा. कामट्या आधी कडक चहाच्या पाण्यात भिजवून वाळवा, मग त्यांना हे पाणी लावा. चहातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले, की लाकूड जुन्या स्लीपरसारखे काळपट होते.

फळीवर दोरी, खिळा आणि पेन्सिलने वळण आखा. रांगोळीचे वर्तुळ काढतो तसेच. त्रिज्या ४५ सेंटिमीटर ठेवा. रेषेवर दर १५ मिलिमीटरला एक स्लीपर फेव्हिकॉलने चिकटवा. प्रत्येक पाचवा स्लीपर पीसीबीचा, तो अ‍ॅराल्डाइटने बसवा. बसवण्याआधी त्याच्या तांब्याला मधोमध कानशीने खाच पाडायची. दोन रुळांतून वीज वेगवेगळी जाते. खाच राहिली, तर दोन्ही रूळ तांब्यातून जोडले जातात आणि गाडी हलत नाही. वाळल्यावर सगळ्या स्लीपरांवरून पॉलिश पेपर फिरवून पातळी एक करा.

मग पहिला रूळ पीसीबीच्या स्लीपरांना डाग देऊन पक्का करायचा. राळेची पेस्ट वापरा, आम्लाची नको. ती पुढे धातू खाते. दुसरा रूळ लावताना हातात १६.५ मिलिमीटरचे माप हवेच. दर डागाला माप लावायचे. सरळ रेषेत रुंदी कमी झाली, तर चाक वर चढते. जास्त झाली, तर आत पडते. वळणावर पाव मिलिमीटर सैल चालते. दोन तुकड्यांच्या सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार द्या. गाडी बारा व्होल्टच्या डीसी विजेवर चालते. घरातली वीज थेट रुळाला कधीही जोडायची नाही.

डाग देताना खिडकी उघडी ठेवा, लहान मुले जवळ नकोत. कथलात शिसे असू शकते, म्हणून हे काम ओट्यावर करू नका आणि नंतर साबणाने हात धुवा.

खडी घालण्याआधी रिकामा डबा बोटाने ढकलून पूर्ण फेरी मारा. अडखळेल तिथे खूण करा, डाग वितळवून रूळ सरकवा. मग काळ्या दगडाची कच धुऊन, वाळवून, बारीक चाळणीने चाळून स्लीपरांमध्ये पसरा. आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. काळ्या दगडात लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरला चिकटतात. पाणी आणि फेव्हिकॉल निम्मे-निम्मे घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका आणि ड्रॉपरने सोडा. रुळाचा माथा लगेच पुसून घ्या.

सांधे, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर नेणारी जोडणी, पहिल्या खेपेला नको. एक गोल पुरा झाला, तरी मोठे काम झाले. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे चालणारा मोठा देखावा पाहता येतो.

मैत्रिणींनो, रुळाची मापे पुस्तकात सापडतात. पण डब्यात बाकडी कशी होती, चढताना पायरी किती उंच लागायची, एकादशीला आत जागा कशी मिळायची, हे त्या गाडीत बसलेल्या बायकांनाच ठाऊक आहे. फळी कापण्याआधी घरातल्या, शेजारच्या आजींना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. रूळ उद्याही करता येईल, हे विचारणे मात्र आजच करायला हवे.