अडकलेली कात्री

पावसाळ्यात तितूरच्या डबक्यांत बेडूकमासे दिसतात. मोठे होताना त्यांची शेपटी तुटून पडत नाही, जागच्या जागी विरते. ती विरवणारे एन्झाइम ग्रॉस व लापिएर यांनी १९६२ साली शोधले. त्याचे नाव कोलॅजनेज. ते माणसातही असते. मी कला शाखेचा विद्यार्थी. या भानगडीत पडलो तो आजीच्या गुडघ्यांमुळे.

कातडी, हाडे व सांध्यांतील कूर्चा यांना बळ देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते तीन पेडांच्या दोरासारखे असते, हे मद्रासला जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५५ साली दाखवले. हा चिवट दोर कोलॅजनेज एका ठराविक जागी कापते. जुने कोलॅजन काढायला ही कात्री हवीच. पण संधिवातात ती बेसुमार चालते नि कूर्चा झिजते.

अवरोधक रेणू अडकलेल्या या मानवी कात्रीचे चित्र १९९४ साली क्ष-किरणांनी मिळाले. एक अरुंद खाच, तळाशी जस्ताचा अणू, त्याला धरून तीन हिस्टिडिन. अवरोधक खाचेत बसून जस्तालाच पकडतो. मग कापणार कशाने? गंमत अशी की, तीन पेडांचा दोर या खाचेत मावतच नाही! एन्झाइम आधी पेड सैल करते, मग एकेक कापते, हे २००४ साली दिसले.

वाटले, औषध सापडलेच. पण जस्ताची अशी खाच या कात्रीच्या अनेक भावंडांतही आहे. जस्त पकडणारे मॅरिमास्टॅट कॅन्सरच्या रुग्णांना दिले, तर त्यांचे सांधेच दुखू लागले.

आजीला हे सांगितले. ती म्हणाली, "मंग तेल गरम कर."