संगणकातला सालदार

आपल्या रामाकोन्यात ‘एजंट’ म्हटले की दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. एक विम्याच्या हप्त्यासाठी येणारा, आणि दुसरा संत्र्याची उभी बाग पाहून व्यापाऱ्याच्या वतीने भाव बोलणारा. दोघेही स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्याच्या वतीने काम करतात. अलीकडे वर्तमानपत्रांतून तिसऱ्या एजंटाचे नाव वाचायला मिळते, ते म्हणजे सॉफ्टवेअर एजंट. याला हातपाय नाहीत, तो संगणकात नाहीतर मोबाइलमध्ये राहतो. हे काय प्रकरण आहे, असे बऱ्याच शेतकरी बांधवांनी विचारले, म्हणून हा लेख.

उदाहरण आपल्या विहिरीवरच आहे. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला की रात्री दोनला वीज आली तरी मोटार आपोआप सुरू होते. पण तो एजंट नव्हे. विहिरीत पाणी आहे की नाही, पाणी वाफ्यात जाते की नाल्यात, हे त्याला कळत नाही. म्हणून तर कोरड्या विहिरीवर मोटारी जळतात. आता समजा, संत्र्याच्या झाडाखाली ओलावा मोजणारे यंत्र पुरले. त्याचा आकडा प्रोग्रामकडे जातो, प्रोग्राम उद्याच्या पावसाचा अंदाज पाहतो आणि ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा की नाही ते ठरवून उघडतोही. पाहणे, ठरवणे आणि करणे ही तिन्ही कामे मालकाला दर वेळी न विचारता जो पार पाडतो, तो एजंट. सालदाराला आपण ‘बाग सांभाळ’ एवढेच म्हणतो, कोणत्या मिनिटाला कोणता नळ उघड हे सांगत बसत नाही, तसेच हे.

मात्र नव्या सालदाराला जे सांगावे लागते ते यालाही सांगावे लागते. अंबिया बहारासाठी आपण डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देतो. ते प्रोग्रामला कळवले नाही, तर माती कोरडी पाहून तो इमानेइतबारे पाणी सोडील आणि वर्षाचा बहार हातचा जाईल. चूक त्याची म्हणायची की आपली?

कापसाचे उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळीचे पतंग किती येतात हे पाहायला शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असे समजतात. पण रोज मोजायचा कंटाळा कोणाला नाही? वाधवानी एआय या मुंबईच्या संस्थेने ‘कॉटनएस’ नावाचा प्रोग्राम तयार केला. सापळ्यातल्या पतंगांचा मोबाइलने फोटो काढला की तो ते मोजतो व फवारणीची गरज आहे का ते सांगतो. किडीचा फोटो पाहून सल्ला देणारी व्यवस्था केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. येथे पाहणे व ठरवणे यंत्राचे, करणे शेतकऱ्याचे. आमच्या मते तूर्त हीच वाटणी बरी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून माणसासारखे बोलणारे प्रोग्राम घरोघरी पोहोचले. पीएम-किसानच्या हप्त्याबद्दल विचारण्यासाठी २०२३ साली ‘किसान ई-मित्र’ निघाला. तो आवाजातही प्रश्न घेतो. अशा बोलक्या प्रोग्रामला हवामान पाहण्याची, अर्ज भरण्याची, निरोप पाठवण्याची मुभा दिली, की तो नुसता बोलका न राहता एजंट होतो.

आम्ही असाच एक बोलका प्रोग्राम गावातल्या एका मुलाच्या मोबाइलवर तपासला. ‘पऱ्हाटीची पाने लाल पडून राहिली’ असे विचारले, तर त्याला पऱ्हाटी म्हणजे काय तेच उमगेना. ‘कापूस’ म्हटल्यावर लाल्याबद्दल ठीक माहिती दिली. मग अनुदानाचे विचारले. आम्ही मराठीत बोलतो म्हणजे महाराष्ट्रातच राहतो असे त्याने गृहीत धरले, आणि सातबारा घेऊन महाडीबीटीवर अर्ज करा असे ठासून सांगितले! आपल्याकडे कुठला सातबारा? आपले खसरा-खतौनी, आपला पटवारी, आपले भोपाळ. २०२३ पासून आपला जिल्हा पांढुर्णा झाला, तरी त्याच्या लेखी आपण अजून छिंदवाड्यातच. मुलगा हसला, पण त्याच्या जागी एखादी एकटी बाई असती, तर भाडे खर्चून सीमेपलीकडच्या कचेरीत जाऊन रिकाम्या हाती परतली असती.

आता आरोग्याची गोष्ट. हे प्रोग्राम ठाऊक नसलेलेही ठाऊक असल्यासारखे बोलतात. संत्र्याच्या डिंक्यासाठी बोर्डो मलम म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे आपल्याला तोंडपाठ असते, त्यामुळे चूक लगेच पकडता येते. विषारी औषधाची मात्रा चुकली, तर कोण पकडणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून औषधाची मात्रा डब्यावरच्या कागदावरून घ्यावी, मोबाइलच्या तोंडून नव्हे. दोन औषधे मिसळा असे त्याने सांगितले, तर कृषी विस्तार अधिकाऱ्याला विचारल्यावाचून मिसळू नयेत. फवारताना मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मोबाइलला प्रश्न विचारत बसू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा व औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यावा.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. नव्या सालदाराच्या हाती पहिल्याच वर्षी कोणी तिजोरी देत नाही. बँकेचा पिन वा ओटीपी कोणत्याही प्रोग्रामला सांगू नये. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली तर ती उघडू नये. अशा खोट्या फायलींतून लोकांचे पैसे गेले आहेत. अर्ज एजंटाने भरला तरी पाठवण्याआधी खसरा क्रमांक व खाते क्रमांक आपण वाचावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावा.

ज्यांना माणसाशीच बोलायचे आहे त्यांच्यासाठी किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. क्रमांक १८००-१८०-१५५१, वेळ सकाळी ६ ते रात्री १०, पैसे लागत नाहीत. फोन लागला की राज्य मध्य प्रदेश, जिल्हा पांढुर्णा, तहसील सौसर हे आधी सांगावे, मग पिकाचे विचारावे.