परदेशी जोडीदार आणि सरकारी योजना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय नागरिकाशी विवाह झाला की परदेशी जोडीदार आपोआप भारतीय ठरतो आणि सरकारी योजनांना पात्र होतो, असा समज सातारा-सांगलीकडे ऐकू येतो. आणि घरात एक जण व्हिसावर असला की दुसऱ्याचाही हक्क बुडतो, हा त्याच्या उलट टोकाचा समजही तितक्याच ठामपणे सांगितला जातो. वस्तुस्थिती दोन्हींहून वेगळी आहे, कारण नागरिकत्व व्यक्तीचे असते, तर उत्पन्नाची मर्यादा बहुधा कुटुंबाला लागू होते.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार भारतीयाच्या पती किंवा पत्नीला नोंदणीने नागरिकत्व मागता येते, परंतु त्यासाठी अर्जापूर्वी ७ वर्षांचे भारतातील वास्तव्य आवश्यक असते. तोपर्यंत बहुधा एंट्री व्हिसावर राहावे लागते, किंवा नोंदणीकृत विवाहाला सलग २ वर्षे झाल्यावर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व कायम ठेवून भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा, मागता येते. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदानाचा हक्क मिळत नाही. आधार कार्डाबाबतचा घोळ याहून मोठा आहे. मागील १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळते, मात्र आधार कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही.

महाराष्ट्र सरकारच्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या महिलांना अर्थसाहाय्य देणाऱ्या योजनेत अर्ज महिलेचा असतो, परंतु वार्षिक २.५ लाख रुपयांची मर्यादा पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून होणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाला लागू होते. त्यामुळे पती परदेशी नागरिक असल्याने मिरजेच्या रहिवासी महिलेचा अर्ज बाद होत नाही, पण पतीची कमाईही हिशेबातून सुटत नाही. सप्टेंबर २०२५ पासूनच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचे आधार विचारले गेले, म्हणून अशा पतीने पात्र होताच आधार काढून ठेवणे हिताचे. जत आणि मिरज तालुक्यांत कर्नाटकातून आलेल्या सुनांची गोष्ट मात्र निराळी आहे: परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातील रहिवाशाशी विवाह केलेल्या महिलेसाठी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. ही सवलत परराज्यासाठी आहे, परदेशासाठी नाही.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनाही असाच पेच पडतो. तेथे एका जोडीदाराच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असल्यास, पात्र जोडीदाराला युनिव्हर्सल क्रेडिट हे सरकारी अर्थसाहाय्य एकट्या व्यक्तीच्या दराने मिळते, तरीही दोघांचे उत्पन्न आणि बचत मोजली जाते.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गंभीर प्रश्न अपत्याचा आहे. भारतात जन्मले म्हणजे भारतीय, हा समज जुन्या कायद्यावर आधारलेला आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलासाठी आई-वडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असणे आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे, अशा दोन्ही अटी एकत्र लागतात. वैध कागदपत्रांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरितच ठरते. म्हणजे कराडच्या रुग्णालयात भारतीय आईच्या पोटी बाळ जन्मले आणि त्या दिवशी वडिलांच्या व्हिसाची मुदत टळून गेलेली असली, तर बाळाला जन्माने भारतीय नागरिकत्व मिळत नाही, मग घरच्यांच्या हातात जन्मदाखला असो वा आधार. एका विसरलेल्या तारखेची एवढी किंमत एका अर्भकाने मोजावी, हे अत्यंत क्लेशकारक आहे, आणि सावध राहिल्यास पूर्णपणे टाळता येण्याजोगेही.

जिल्ह्याच्या पातळीवर परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांनी बहुतांश बाबतींत आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. घरात बाळ येणार असेल, तर कोणत्याही योजनेचा अर्ज भरण्याआधी व्हिसावरची अखेरची तारीख पाहावी आणि मुदतवाढीचा अर्ज ती टळण्यापूर्वीच करावा.