गेलेल्या वेळेचा पेच

‘तेव्हा असं केलं असतं तर!’ ही हळहळ कुणाला चुकली आहे? २०११ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेली ‘स्टाइन्स गेट’ ही २४ भागांची ॲनिमे मालिका या हळहळीवरच उभी आहे. तोक्योच्या आकिहाबारा भागातल्या ओकाबे नावाच्या विद्यार्थ्याला मायक्रोवेव्ह आणि टेलिफोन जोडून भूतकाळात निरोप धाडता येऊ लागतो. मग काय! एका निरोपानं मैत्रिणीचे वारलेले वडील जिवंत होतात. पण बालमैत्रीण मायुरी मरते. कितीदा मागं गेलं तरी मरतेच. तिला वाचवायचं, तर धाडलेले निरोप एकेक करून रद्द करायला हवेत. ‘वडिलांना पुन्हा गमाव,’ हे मैत्रिणीला कोणत्या तोंडानं सांगावं? मालिकेची ओढ आहे ती यंत्रापायी नव्हे, या पेचापायी.